कायद्याचं नाव बदललं, नंबर नाही बदलला

मंडळी, गेल्या आठवड्यात वाडीतले एक काका दोन कागद घेऊन घरी आले. एक वडिलांच्या वेळचा फेरफार, दुसरी अलीकडची नोटीस. जुन्या कागदावर ‘मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८’ आणि नव्यावर ‘महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, “तो मुंबईचा कायदा गेला आता, जुन्या कागदाला किंमत नाही.” काकांची झोप उडालेली. कुळाची जमीन, बत्तीस-ग ची किंमत भरून घेतलेली. घाबरणारच ना माणूस!

दोन्ही एकच कायदा आहे. सन १९४८ चा ६७. राज्य विधिमंडळाने २०१२ च्या २४ व्या कायद्याने जुन्या कायद्यांच्या नावातलं ‘मुंबई’ काढून ‘महाराष्ट्र’ घातलं, आणि तेही १ मे १९६० पासून लागू धरून. पाटी बदलली, घर तेच. आणि घर तेच आहे हे कशावरून कळतं? त्या नंबरावरून.

हा नंबर येतो कुठून, ते थोडं मागे जाऊन बघूया.

मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ पहिल्यांदा बसलं २२ जानेवारी १८६२ ला. पद्धत साधी. वर्ष सुरू झालं की मोजणी एकपासून, वर्ष संपलं की पुन्हा एक. नुसत्या नंबराला म्हणून काही अर्थ नाही, नंबर आणि वर्ष अशी जोडी लागते. पूर्वी हे आकडे रोमन लिहायचे. आता मराठी राजपत्रात ‘सन २०१५ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३१’ असं सरळ छापतात. हा आपला लोकसेवा हक्काचा कायदा, दाखला वेळेत मिळण्याचा.

दुसरी गंमत बघा. विधेयकाचा नंबर वेगळा आणि कायद्याचा वेगळा. सभागृहात मांडताना ‘विधानसभा विधेयक क्रमांक अमुक’ असतं. दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राज्यपालांची, काही बाबतीत राष्ट्रपतींची संमती मिळाली की मग ते अधिनियमांच्या रांगेत उभं राहतं आणि तिथला नंबर घेतं. म्हणून नावातलं साल आणि नंबराचं साल कधी कधी जुळत नाही. ग्रामपंचायत अधिनियम नावाने १९५८ चा, पण नंबर १९५९ चा ३. जिल्हा परिषदेचा कायदा १९६१ चा, नंबर १९६२ चा ५. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, नंबर १९७८ चा २०. यात छपाईची चूक नाही. मंजुरी एका वर्षात आणि संमती पुढच्या वर्षात, एवढाच अर्थ.

आता आपल्या रत्नागिरीकडे या. आपल्या जिल्ह्याचा अख्खा इतिहास अशा दोन नंबरांच्या मध्ये बसलाय.

पहिला, १८८० चा १. खोती सेटलमेंटचा कायदा. खोत आणि कुळ यांचं नातं यात कागदावर बांधलं गेलं. कुळ राबायचं, खोताला खंड भरायचं आणि खोत सरकारात सारा भरायचा. दुसरा, १९५० चा ६. खोती नष्ट करणारा कायदा. त्याच्याही नावात १९४९ आहे बरं का! अंमल १५ मे १९५० पासून. दोन्हींमध्ये सत्तर वर्षं.

आणि या सत्तर वर्षांत एक कागद असा आहे, ज्याला कायद्याचा नंबर कधी मिळालाच नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. खोती म्हणजे काय ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक काही पास झालं नाही. अधिनियमांच्या यादीत १९३७ बघा, १९३८ बघा, ते कुठेच सापडणार नाही. यादी फक्त जिंकलेल्यांची नोंद ठेवते. हरलेलं विधेयक शोधायचं तर सभागृहाच्या कामकाजाचे जुने खंड उघडावे लागतात. पण बारा-तेरा वर्षांनी जी गोष्ट १९५० चा ६ म्हणून आली, तिची मागणी सभागृहात मांडली गेली होती ती तिथेच.

म्हणून सांगतो, नंबर म्हणजे कोरडी कारकुनी नव्हे. १९५६ आणि १९६० च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा २१, विदर्भात मुंबईचा १९५८ चा ९९ आणि आपल्याकडे १९४८ चा ६७ असे तीन कुळकायदे एकाच राज्यात नांदले. बोलताना तिन्हींना ‘कुळकायदा’च म्हणतात. चुकीचा लावला तर कलमंही चुकीची लागतात.

तेव्हा एवढं करा. अर्ज, हरकत, अपील, माहितीचा अधिकार, काहीही लिहिताना कायद्याच्या नावापुढे नंबर आणि साल लिहा. कायद्याची प्रत बघताना तळटीपा वाचा. कुठला शब्द कुठल्या सालच्या कितव्या कायद्याने बदलला ते तिथे असतं. आणि कोणी ‘तो कायदा गेला’ म्हणालं तर शांतपणे एकच विचारा, “कितव्या कायद्याने गेला?” उत्तर नंबरासकट आलं तर ऐका. नाही आलं तर कागद जपून ठेवा.

काकांनी दोन्ही कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले. जुना वर, नवा खाली. म्हटलं, असू दे तसंच.