आजारपणातला मऊ भात: किती दिवस आणि कोणाला?

ताप आला की भूक मरते. जंतूंशी लढताना शरीर जी रसायने तयार करते, त्यांचा मेंदूतील भुकेच्या केंद्रावरही परिणाम होतो. नाक चोंदले असेल तर वास लागत नाही आणि वासाशिवाय चवही कळत नाही. अशा वेळी लहानपणापासून ओळखीचे जेवण उपयोगी पडते. मेतकूट-तूप घातलेला गुरगुट्या भात, मुगाची आसट खिचडी, कोकण-गोव्यातली उकड्या तांदळाची पेज: एरवी ताट परत करणारा रुग्ण यातले चार घास तरी खातो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस हे अन्न जरूर द्या. त्यात पथ्य मोडल्यासारखे काही नाही, चमचाभर तुपातही नाही.

अडचण पुढे येते. ताप जातो, पण पेज सुरूच राहते, विशेषतः घरातल्या वयस्कर माणसांची. "पचायला हलके" म्हणून दोन-तीन आठवडे तेच चालते. आता हिशोब पाहा. 30 ग्रॅम तांदळाच्या पेजेतून जेमतेम 2 ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसातून चार वेळा घेतली तरी 8-9 ग्रॅम. 60 किलो वजनाच्या निरोगी माणसालाही रोज सुमारे 50 ग्रॅम लागतात. आजारातून उठणाऱ्या वृद्धांना बहुधा त्याहून जास्त. ही तूट शरीर स्नायूंमधून भरून काढते. मग आजी खुर्चीतून उठताना आधार शोधतात, बाथरूममध्ये तोल जातो, आणि आपण म्हणतो, "आजारपणाचा अशक्तपणा आहे." तो निम्मा उपासमारीचा असू शकतो.

उपाय त्याच पातेल्यात आहे. खिचडीत तांदूळ आणि मूगडाळ समप्रमाणात घ्या. 30 ग्रॅम डाळीतून सुमारे 7 ग्रॅम प्रथिने मिळतात. भातात घट्ट वरण किंवा दही कालवा, चालत असेल तर एक उकडलेले अंडे द्या (साधारण 6 ग्रॅम). एकदम वाटीभर जात नसेल तर दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्या. जुलाब झालेल्या मुलालाही उपाशी ठेवू नये. ओआरएस आणि नेहमीचे खाणे, अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूधही, चालू ठेवावे; बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे.

काही रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. मधुमेहात खूप शिजलेल्या भाताने साखर झपाट्याने वाढते. उलट, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रुग्णाने दोनच चमचे खाल्ले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. औषध मनाने बंद करू नका. डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारा. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पेज श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रथिने किती घ्यावीत हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. त्यांना आणि हृदयविकाराच्या रुग्णांना तोंडी लावायला पापड-लोणचे देऊ नका. मीठ तिथूनच जाते.

पाणीही पोटात ठरत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल किंवा रुग्ण गुंगीत वाटत असेल, तर खाणे बदलून पाहत थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.