डग्गा कुठं गेला? प्रीॲम्प, पॉवर ॲम्प आणि टेलिफोनची जुनी सवय

“डग्गा कुठं गेला गं?” नवा प्रीॲम्प जोडल्यावर पप्पांचा हा पहिलाच प्रश्न.

पप्पांची 22 वर्षं जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये गेली. अशा सततच्या गोंगाटाने कान सगळ्यात आधी 4000 हर्ट्झच्या आसपास बसतो. त्यामुळे तबल्याच्या चाटीचा टणत्कार त्यांना पुसट ऐकू येतो, डग्ग्याचा घुमारा मात्र नीट. आणि मी स्टायपेंडमधून आणलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पने नेमका तोच खाल्ला होता. पीएचडीत मी सेन्सरचे मिलिव्होल्टमधले सिग्नल मोजते, म्हणून ही चूक जरा जास्तच लागली. दोन्ही यंत्रं धडधाकट होती, जोडी चुकली होती.

पण जोडी ‘जुळणं’ म्हणजे काय? ही कल्पना आली टेलिफोनमधून. मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं 1882 साली. तेव्हा ॲम्प्लिफायर नव्हतेच. बोलणाऱ्याच्या मायक्रोफोनमधून निघालेली शक्ती तशीच मैलोन्‌मैल जायची, म्हणून तिचा कण न्‌ कण महत्त्वाचा. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा इम्पिडन्स सारखा असेल तेव्हाच जास्तीत जास्त शक्ती पोचते. शिवाय लांब तारेवर तो सारखा नसेल तर सिग्नल टोकावरून उलटा फिरतो, प्रतिध्वनी येतो. यातूनच 600 ओहमची प्रथा पडली आणि पुढे ती रेडिओ स्टुडिओंनीही उचलली.

1927 हे वर्ष इथे गमतीचं आहे. 23 जुलैला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्यानंतर दहाच दिवसांनी, 2 ऑगस्टला, अमेरिकेत टेलिफोनसाठीच काम करणाऱ्या हॅरल्ड ब्लॅकला फेरीबोटीतून कामावर जाताना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला द्यायचा. त्याने विकृती घटते, आणि योग्य रीतीने दिला तर आउटपुट इम्पिडन्सही खूप खाली येतो. म्हणजे ज्या टेलिफोनने ‘सारखं ठेवा’ शिकवलं, त्याच्याच गरजेतून ती शिकवण घरात अनावश्यक करणारं तंत्र निघालं.

घरात तार असते एक मीटर. 20,000 हर्ट्झच्या सिग्नलची तारेतली तरंगलांबी साधारण 10 किलोमीटर. प्रतिध्वनीचा प्रश्नच नाही. इथे शक्ती नको, व्होल्टेज पोचवायचं असतं. म्हणून प्रीॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स लहान आणि पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स त्याच्या निदान दहापट हवा.

सुरुवातीला गिऱ्हाइकाला हा हिशोब करावाच लागत नसे, कंपन्या जोड्याच बनवत. इंग्लंडच्या क्वाडचा 1953 चा व्हॉल्व्ह पॉवर ॲम्प पूर्ण आवाजासाठी 1.4 व्होल्ट मागायचा, तर 1967 चा ट्रान्झिस्टरवाला 303 फक्त 0.5 व्होल्ट. दोघांचे सोबती प्रीॲम्प तेवढंच द्यायचे. घोळ होतो तो एका पिढीचा प्रीॲम्प दुसऱ्या पिढीच्या पॉवर ॲम्पला लावला की. माझं तेच झालं.

माझ्या प्रीॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स 2.5 किलोओहम आणि शेवटी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुढे 470 किलोओहमचा व्हॉल्व्ह ॲम्प असता तर उतार 3-4 हर्ट्झखाली लागला असता, कानाला कळलंही नसतं. पप्पांच्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा इनपुट मात्र 10 किलोओहम. दहापट सोडा, जेमतेम चौपट. हिशोब केला: 127 हर्ट्झलाच शक्ती निम्मी, त्याखाली आणखी कमी. डग्गा तिथेच राहतो.

तिसरा आकडा गेनचा. रेकॉर्डच्या सुईकडून येतात काही मिलिव्होल्ट, म्हणून प्रीॲम्प लागायचाच. 1982 मध्ये सीडी प्लेअर आला तो थेट 2 व्होल्ट घेऊन. बऱ्याच पॉवर ॲम्पना तेवढं पुरून उरतं. त्यावर आणखी गेन दिला तर व्हॉल्यूमचं बटण जरासं फिरवताच आवाज अंगावर येतो आणि खरखरही वाढते.

म्हणून घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: पॉवर ॲम्पला पूर्ण आवाजासाठी किती व्होल्ट लागतात, त्याचा इनपुट इम्पिडन्स किती, आणि प्रीॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी आहे का. व्हॉल्व्हचा असेल तर शेवटचा कपॅसिटरही बघा. ‘साउंड गरम की थंड’ हे नंतर.

मी प्रीॲम्प बदलला नाही. दोघांच्या मध्ये एक छोटा बफर टाकला, इनपुट 1 मेगाओहम, आउटपुट 100 ओहमच्या आत. रविवारी पप्पांनी तीच रेकॉर्ड लावली. काही बोलले नाहीत. मांडीवर डाव्या हाताने ठेका धरला, तेवढंच.