घरगुती ध्वनिमुद्रण आणि गीताचे पाठभेद : मायकेल हर्ली यांच्या कार्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

लोकगीत मौखिक परंपरेत पाठभेदांच्या आधारे जगते. ध्वनिमुद्रिका मात्र त्याचा एकच पाठ कायम करते. विसाव्या शतकातील लोकसंगीताच्या इतिहासात हा विरोध वारंवार दिसून येतो. अमेरिकन गायक-गीतकार मायकेल हर्ली (१९४१-२०२५) यांनी लोकसंगीताच्या वळणावर स्वतःची गीते रचली आणि सुमारे साठ वर्षे बहुतांशी मोठ्या कंपन्यांच्या परिघाबाहेर राहून ती ध्वनिमुद्रित केली. त्यांच्या कार्याच्या आधारे या विरोधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चुंबकीय ध्वनिफितीची यंत्रे उपलब्ध झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन-चार मिनिटांचे गायन मावत असे. फितीवर मात्र गायन आणि मधले बोलणे सलग नोंदविता येऊ लागले. १९४८ मध्ये संगीताचे अभ्यासक फ्रेडरिक रॅम्से यांनी न्यूयॉर्क येथील आपल्या घरी लेडबेली या कृष्णवर्णीय लोकगायकाची नव्वदहून अधिक गीते फितीवर नोंदविली. त्याच यंत्रावर त्यांनी पुढे तरुण हर्ली यांचे गायन नोंदविले. ते १९६४ मध्ये 'फर्स्ट साँग्ज' या नावाने फोकवेज कंपनीने प्रसिद्ध केले. हर्ली यांच्या कारकिर्दीचा आरंभच अशा प्रकारे संग्राहकाच्या यंत्रासमोर झाला, हे लक्षणीय आहे.

सहकार्य आणि स्वाधीनता

स्वतंत्र कलावंत म्हणजे एकाकी कलावंत, हा समज येथे टिकत नाही. १९७१ मधील 'आर्मचेअर बूगी' हा संग्रह यंगब्लड्स या वाद्यवृंदाने वॉर्नर कंपनीच्या साहाय्याने चालविलेल्या रॅकून या शाखेने काढला. १९७६ मध्ये राउंडर कंपनीने प्रसिद्ध केलेला 'हॅव मॉयसी!' हा संग्रह तर हर्ली, पीटर स्टॅम्पफेल यांचा अनहोली मोडल राउंडर्स आणि जेफ्री फ्रेडरिक यांचा क्लॅमटोन्स यांच्या एकत्रित प्रयत्नातून साकारला. पुढे बेलमीड फोनिक्स या स्वतःच्या नाममुद्रेखाली हर्ली यांनी ध्वनिफिती व तबकड्या काढल्या. आवरणांवरील चित्रेही ते स्वतःच काढीत.

पाठभेदांचे महत्त्व

हर्ली एकदा ध्वनिमुद्रित झालेले गीत पूर्ण झाले असे मानीत नसत. लांडगा बनणाऱ्या माणसावरील त्यांचे गीत पहिल्या संग्रहात आहे आणि १९७१ च्या संग्रहातही. २००३ मध्ये कॅट पॉवर या गायिकेने ते आपल्या पद्धतीने गायिले. येथे 'मूळ' पाठ कोणता, हा प्रश्नच गौण ठरतो. व्यावसायिक ध्वनिमुद्रणाने गोठविलेली पाठभेदांची प्रक्रिया घरगुती ध्वनिमुद्रणाने पुन्हा प्रवाही केली, असे म्हणता येईल.

जतनाचा प्रश्न

या स्वाधीनतेचे मूल्यही लक्षात घ्यावे लागते. फोकवेजचा संग्रह १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेला, तो त्यातील प्रत्येक ध्वनिमुद्रिका उपलब्ध ठेवण्याच्या अटीवर. त्यामुळे हर्ली यांचा पहिला संग्रह सुरक्षित राहिला. याउलट कलावंताने स्वतः विकलेल्या फिती ग्राहकांच्या घरोघरी विखुरतात. चुंबकीय फीत काळाबरोबर झिजते आणि ग्रंथालयाच्या सूचीत तिची नोंद होतेच असे नाही. नव्या शतकात नोमनसाँग, मिसिसिपी रेकॉर्ड्स यांसारख्या लहान कंपन्यांनी हर्ली यांची नवी-जुनी गीते प्रसिद्ध केली. परंतु हे कार्य चाहत्यांच्या आस्थेवर उभे होते. कोणत्याही संस्थात्मक धोरणावर नव्हे.

निष्कर्ष

केवळ कंपन्यांच्या सूचींवरून लिहिलेला लोकसंगीताचा इतिहास अपुरा ठरतो, कारण गीताचे बदलते रूप बहुधा सूचीबाहेरच्या फितींमध्ये असते. २०२५ मध्ये हर्ली यांचे निधन झाले. आता त्यांच्या गीतांना नवा पाठ त्यांच्याकडून मिळणार नाही. अशा वेळी घरगुती ध्वनिफितीला हस्तलिखिताइतकेच प्रमाण साधन मानून तिचे संकलन व सूचीकरण करणे, हे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.