उरलेले दोन दिवस

काकांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं. गेल्या मार्गशीर्षात त्याच खिळ्याला एक कागद अडकवला गेला. रक्तातली साखर वाढलेली निघाली म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांच्या नावांखाली लिहून दिलं होतं: चालणं, ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. काका तेव्हा ६७ वर्षांचे. वायरीच्या किनाऱ्यावर वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्यांनी रापण ओढलेली. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "आठवड्यात पाच दीस चल म्हणता. मगे उरलेले दोन दीस काय करू? बसान रवू?"

मी हसलो, पण उत्तर देता आलं नाही. पाचच का? सहा का नाहीत, तीन का नाहीत? आणि मुळात शरीराच्या कष्टांचा हिशेब आठवड्याने करायचा, हे कधी ठरलं? काकांच्या प्रश्नात हाच खरा पेच होता. त्यांच्या अंगाने पन्नास वर्षं काम केलं, पण ते आठवड्याच्या हिशेबाने कधीच केलं नव्हतं.

ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत नेतात. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि ओढणं सुरू होतं. टाचा वाळूत रुतवायच्या, अंग मागे टाकायचं, एकेक पाऊल मागे घ्यायचं. शेवटचा माणूस पुरेसा मागे गेला की दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ येऊन धरतो. जाळं बाहेर यायला तास-दोन तास सहज लागतात. मग मासळीचे वाटे. आज व्यायामशाळेत लोक पैसे भरून पाठीचे, मांड्यांचे आणि पकडीचे जे व्यायाम करतात ते सगळे यात आले, पण काकांच्या तोंडी 'व्यायाम' हा शब्द मी कधी ऐकला नाही.

हे काम कधी करायचं ते समुद्र ठरवी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपासचा भांग, वारा कुठून सुटलाय, पाण्याचा रंग कसा आहे, पक्षी कुठे झेपावतायत. एखाद्या दिवशी दोनदा रापण लागे, एखादे वेळी चार-चार दिवस दोराला हात लागत नसे. पावसाळ्यात समुद्र बंद; नारळी पौर्णिमेला नारळ सोडून पुन्हा सुरुवात. मधल्या दिवसांत अंगाला आराम होता असं कुणी समजू नये. तेव्हा चिखलात लावणी असे आणि पडवीत बसून जाळ्यांची दुरुस्ती असे. आठवडा होता तो बाजारापुरता.

जुन्या वैद्यकातही आठवडा सापडत नाही. व्यायाम किती करावा याचं आयुर्वेदातलं माप आहे अर्धी शक्ती. सुश्रुताने त्याची खूणही दिली आहे: श्वास तोंडाने घ्यावासा वाटला की थांबावं. वाग्भटाने त्याला ऋतूची जोड दिली. थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत, एरवी त्याहून हलका. अति करणाऱ्याला त्याने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. हे माप मला आजही शहाणपणाचं वाटतं, कारण ते ज्याच्या त्याच्या अंगावर वाचता येतं. पण वाग्भटाचा सल्ला बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसासाठी आहे, हे तो स्वतःच सांगतो. ज्याला कष्ट कमी-जास्त करायची मुभा आहे त्याच्यासाठी ते शास्त्र. आषाढात लावणीला वाकलेल्या बाईला कुणी 'आता मंद' असं सांगायला गेलं नसणार.

तालमींचा हिशेब वेगळा होता. तिथे दिवस मोजत नसत, जोर-बैठका मोजत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, त्यांच्या शिष्यपरंपरेने तो ठिकठिकाणी नेला. या साऱ्या परंपरेत 'रोज' हे गृहीत होतं, जसं स्नान गृहीत असतं. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी तर वेगळंच माप लावलं. प्रकृती नाजूक म्हणून कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी कुस्ती, पोहणं आणि व्यायामाला दिलं आणि त्या वर्षी परीक्षेत नापास झाले. आठवड्यातून किती, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही; त्यांनी अख्खं वर्ष मोजून दिलं. पुढे मंडालेचा तुरुंग त्यांनी सोसला तो या वर्षाच्या जोरावर, असं चरित्रकार सांगत आले आहेत.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांत नेले. त्यांचाही आग्रह रोजचाच. त्यांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित करून १९३८ साली लंडनमध्ये काढली, 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या नावाने. पण शाळेत गेल्यावर व्यायामाला एक नवी चौकट मिळाली ती वेळापत्रकाची. वेळापत्रक आठवड्याचं असतं. गणिताचे सहा तास, भूगोलाचे तीन, कवायतीचे दोन. मला वाटतं, 'आठवड्यातून इतके दिवस व्यायाम' ही भाषा आपल्या बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडली ती डॉक्टरकडून नव्हे, पी.टी.च्या मास्तरांकडून. मास्तर नेहमी पुढच्या इयत्तेची घाई असल्यासारखे शिट्टी वाजवत, आणि पाऊस आला की तो तास गणिताला जाई.

शाळेच्याही आधी आठवडा कोकणी माणसाच्या अंगाला भिडला तो गिरणीत.

सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला १९८१ साली. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आणि मुंबईच्या गिरण्यांत या जिल्ह्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या भरती होत. मालवणच्या बंदरातून आगबोटीने गेलेला माणूस भरती-ओहोटीच्या हिशेबातून उचलला जाऊन भोंग्याच्या हिशेबात पडे. तिथेही सुरुवातीला आठवड्याला शेवट नव्हता. गिरणी थांबली तरी यंत्रं पुसायला माणसं बोलावत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून आणि 'दीनबंधू' पत्रातून मजुरांचा प्रश्न मांडला, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्यांनी मागणीच्या बाजूने सांगितलं होतं म्हणतात. म्हणजे कामगाराचा आठवडा हा विश्रांतीसाठी भांडून मिळवलेला आठवडा आहे. एक दिवस अंगाला हात लावायचा नाही, हा त्यात हक्क होता.

काकांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे वडील, या दुसऱ्या हिशेबात वाढले. लालबागच्या एका खोलीत दहा-बारा गाववाल्यांबरोबर ते राहत. पाळी सुटली की गल्लीतल्या व्यायामशाळेत जात, सोमवार ते शनिवार. रविवारी डबलबारला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. रविवारी भजन किंवा गावच्या मंडळाची बैठक. मे महिन्यात गावी येत तेव्हा काका त्यांना रापणीवर घेऊन जात, आणि मुंबईचे दंड असलेला हा माणूस अर्ध्या तासात खाली बसे. काका अजून ते रंगवून सांगतात. बाबांचं म्हणणं असं, की काकांना एकशे एक जोर मारायला सांगून बघा. दोघांचंही खरं होतं. अंग ज्या कामाला सरावतं त्याच कामात तयार होतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. बाबा वर्षभराने गावी परतले ते कायमचे. पहिले काही महिने ते रविवारी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून ओटीवर बसून राहत. सुट्टी होती, पण कशापासून, हे त्यांना सांगता येत नसे. व्यायाम त्यांनी पुन्हा केला नाही.

आता काकांच्या कागदाकडे येतो. व्यायामाचा आजचा साप्ताहिक हिशेब सुरू होतो तो कष्टाचं काम सुटलेल्या माणसांपासून. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. एकच गाडी, एकच कंपनी, फरक जिन्याचा. इथून पुढे प्रश्न असा झाला, की ज्याच्या कामात जिना नाही त्याने तो कुठून आणायचा आणि किती वेळा चढायचा. १९७८ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या संस्थेने सांगितलं, आठवड्यातून ३ ते ५ दिवस, दर वेळी १५ ते ६० मिनिटं. पुढे दिवसांपेक्षा एकूण मिनिटांवर भर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगितले, २०२० साली ते १५० ते ३०० केले. काकांच्या कागदावरचे पाच दिवस म्हणजे १५० भागिले ३०, इतकंच. (फोनमधली दहा हजार पावलं तर १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने विकायला काढलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आली आहेत.)

मग दिवसांना काही अर्थच नाही का? सर्वसाधारण निरोगी माणसापुरतं बोलायचं तर फार नाही. शनिवार-रविवारीच सगळे श्रम उरकणाऱ्यांनाही फायदा होतो, असं अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. पण मधुमेहाचं वेगळं आहे. काम केलेला स्नायू रक्तातली साखर अधिक सहज उचलतो, आणि हा गुण दिवसभर, फार तर दोन-तीन दिवस टिकून ओसरतो. म्हणून मधुमेह्याला सांगतात की सलग दोन दिवसांहून अधिक खाडा नको. काकांना मी हेच सांगितलं, की भरती येऊन गेली की ओहोटी लागते, ती फार आत जाऊ द्यायची नाही. हे त्यांना लगेच कळलं. १५० मिनिटांचं काही कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या कागदावर नव्हती, आणि मी पाहिलेल्या बहुतेक कागदांवर नसते. त्याच शिफारशींत आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचेही, आठवड्यातून तीन दिवस. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला 'चाला' म्हटलं की काम संपतं. काकांनी आयुष्यभर जे केलं ते चालणं नव्हतंच. वजन ओढणं होतं, सरकत्या वाळूत पाय रोवणं होतं. तेच सुटलं होतं, आणि कागद त्यांना त्याच्या बदल्यात डांबरी रस्ता देत होता.

ते सुटलं कसं, हेही सांगायला हवं. आधी ट्रॉलर आले, मग पर्ससीनची जाळी. मासळी किनाऱ्याला लागायच्या आत बाहेरच्या बाहेर उचलली जाऊ लागली. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, समुद्रात बाचाबाची झाली, २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, पुढे एलईडीच्या दिव्यांची मासेमारी आली. रापणी एकेक करून बंद पडत गेल्या. काकांची रापण बंद झाली तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. साखर वाढली ती त्यानंतर. दोन्हींचा संबंध लावायचा तर पुरावा माझ्याकडे नाही. वय, भात आणि बसणं ही कारणंही पुरेशी आहेत. काका मात्र तो लावतात.

ते आता चालतात. पाच नाही, सातही दिवस. कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात पेनाने फुली करतात. हे कॅलेंडर १९७३ साली ज्यांनी सुरू केलं ते जयंतराव साळगावकर मालवणचेच. त्याच्या एकेका चौकोनात वार आणि तिथी शेजारी शेजारी असतात, गिरणीचा हिशेब आणि समुद्राचा. काका अष्टमी पाहतात आणि मग वार पाहतात.

यंदा कार्तिकात दांडीच्या किनाऱ्यावर एका रापणीला माणसं कमी पडली. काका सकाळचे चालायला गेले होते, ते दोराला लागले. पर्यटकांनी दोन मिनिटं दोर धरून फोटो काढले आणि निघून गेले. काका शेवटपर्यंत थांबले. बांगड्याचा वाटा घेऊन, भिजलेल्या लुंगीने घरी आले आणि कालनिर्णयासमोर उभे राहिले.

"ह्या खंयच्या खात्यात घालू?" त्यांनी विचारलं. "चलण्याच्या की जोराच्या?"

मी म्हटलं, "दोन्हीत घाला, काका."

त्यांनी त्या चौकोनात दोन फुल्या केल्या आणि बांगडे साफ करायला काकूंना हाक मारली.