पाच तारांचा बँजो : सरावपद्धती व पट्टीबदल यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
महाराष्ट्रात 'बँजो' म्हटले की गणेशोत्सवातील बँजो पार्टी आठवते. तेथील बटणांचे वाद्य जपानी तैशोगोतोच्या कुळातील आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अमेरिकेतील पाच तारांचा बँजो हा आहे. या वाद्याचा सराव कसा करावा आणि ते निरनिराळ्या पट्ट्यांत कसे वाजवावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. तथापि त्याचे उत्तर शोधू लागल्यास आपण वाद्याच्या आखूड पाचव्या तारेपाशी आणि तिच्याद्वारे गुलामगिरीच्या इतिहासापाशी येऊन पोहोचतो.

आखूड तारेचे मूळ :
पाचवी तार दांडीच्या पाचव्या पडद्यापासून सुरू होते आणि अंगठ्याने छेडली जाते. सतारीच्या चिकारीप्रमाणे ती एकच स्वर सतत जागता ठेवते. या तारेचे श्रेय व्हर्जिनियातील गौरवर्णीय वादक जोएल स्वीनी याला दीर्घकाळ दिले गेले. स्वीनीचा जन्म १८१० चा. परंतु साउथ कॅरोलिनात १७८५ ते १७९० च्या सुमारास काढलेल्या 'द ओल्ड प्लँटेशन' या चित्रात गुलाम वादकाच्या हातातील भोपळ्याच्या वाद्यावर आखूड तार स्पष्ट दिसते. पश्चिम आफ्रिकेतील जोला समाजाच्या 'अकोंटिंग' या तीन तारांच्या वाद्यातही ती आहे, आणि नखाने वरून खाली आघात करण्याची रीतही तेथे आढळते.

मौखिक परंपरा ते मुद्रित पुस्तक :
हीच आघाताची रीत १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थॉमस ब्रिग्ज याच्या बँजो-शिक्षणाच्या पुस्तकात स्वरलिपीबद्ध झाली. त्या काळात दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकविणे कायद्याने निषिद्ध होते. म्हणजेच ज्यांच्या हातात ही विद्या घडली, त्यांना तिचे पुस्तक वाचण्याचा अधिकार नव्हता. सराव पुस्तकात आला. परंतु गुरूंची नावे बाहेर राहिली.

पट्टीबदलाचा प्रश्न :
आज प्रचलित असलेल्या 'जी' (पांढरी पाच) मेळात मोकळ्या तारा छेडल्या तरी त्या पट्टीचा स्वरसंघ उमटतो. यामुळे आरंभ सुलभ होतो. परंतु पट्टी बदलताच आखूड तारेचा स्वर विसंगत ठरू शकतो. गायकाच्या गळ्यानुसार आणि फिडलवादकांच्या सोयीनुसार 'ए' किंवा 'डी' पट्टी घ्यावी लागते. यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग कॅपोचा : दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून पाचवी तारही दोन पडदे चढविली की बोटांच्या त्याच ठेवणीतून 'ए' (पांढरी सहा) पट्टी मिळते. पीट सीगर याने उलट दिशेने जाऊन दांडी तीन पडद्यांनी लांबविली आणि खालच्या पट्ट्या साधल्या.

दुसरा मार्ग दांडीच्या ज्ञानाचा होय. चारही लांब तारा पाचव्या पडद्यावर आडव्या बोटाने दाबल्यास 'सी', सातव्यावर 'डी' स्वरसंघ मिळतो. अशा सरकत्या ठेवणी आत्मसात केल्यास कॅपोविना पट्टी बदलता येते. डॉन रेनो याच्या एका तारेवर स्वर फिरविण्याच्या शैलीने ही शक्यता अधिक विस्तारली.

सरावाची पद्धत :
अर्ल स्क्रग्ज (१९२४–२०१२) याच्या तीन बोटांच्या शैलीने आजच्या सरावाला दिशा दिली. १९६८ मध्ये त्याचे शिक्षणविषयक पुस्तक प्रसिद्ध झाले. या शैलीत अंगठा, तर्जनी व मध्यमा यांची ठरावीक आवर्तने संथ लयीत, आघात समान होईपर्यंत घोटावी लागतात; वेग नंतर येतो. एकच सोपी धून प्रथम 'जी'मध्ये, नंतर कॅपोविना 'सी' व 'डी'मध्ये बसविल्यास विद्यार्थी पडद्यांचे क्रमांक पाठ करण्याऐवजी स्वरांतील नाते ओळखू लागतो. कॅपो हे साधन असावे, आधार नव्हे.

समारोप :
पाचवी तार पट्टीबदलाच्या आड येते आणि तीच वाद्याला त्याचा स्वभाव देते. तिच्याशी जुळवून घेणे म्हणजेच बँजो शिकणे होय. म्हणून पट्टीबदलाचा पाठ देताना ही तार कोठून आली, हे सांगणे पूरक माहिती नसून त्या पाठाचाच भाग ठरते.