भिंती आणि ओल

पुण्याच्या जुन्या वास्तूंत आम्ही राजकारणाचा इतिहास शोधितों. भिंतींनीं ओलीशीं केलेला झगडा मात्र पाहत नाहीं. सन १७३० मध्यें पाया घातलेल्या शनिवारवाड्याच्या तटास खालीं दगड व वर वीट आहे. इतर वाड्यांतही दगडी जोतें, चुन्याचा गिलावा व पागोळ्या दूर टाकणारी वळचण दिसते. चुना ओल शोषितो, तशी ती वाऱ्याला परतही देतो. १९६१ मध्यें पानशेतचें धरण फुटून पाणी जोत्यांवर चढलें, तेव्हां मातीच्या भिंती ढासळल्या. त्या योजनेस मर्यादा होतीच. परंतु आज जुन्या चुनेगच्ची भिंतीवर सिमेंट लिंपितात, तें आंतली ओल कोंडितें आणि वीट विरते. लेप निवडतांना पाणी अडेल कसें याबरोबरच शिरलेलें निघेल कसें, हेंही आम्हीं विचारिलें पाहिजे.