दोन सेवांची एक मोटार

रुग्णवाहिका आणि शववाहिका हे शब्द आमच्या भाषेंत वेगळे आहेत, आणि त्यांनीं दर्शविलेल्या वस्तूही वेगळ्याच असाव्या असें सर्वांस वाटतें. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कित्येक दशकें हीं दोन्ही कामें एकच मोटार करीत असे. सकाळीं जिच्यांतून शवपेटी दफनभूमीकडे जाई, तिच्याच मागच्या दारानें दुपारीं पाय मोडलेला मजूर इस्पितळांत पोंचे. तिकडे तिला ‘कॉम्बिनेशन’ म्हणत. आपण तिला जोडमोटार म्हणूं. आजाऱ्याची विचारपूस आणि मृताचें दफन हीं दयेचीं दोन कृत्यें धर्मशिक्षणाच्या वर्गांत पाठ केलेल्या आमच्या वाचकांस तीं एका छपराखालीं आलेलीं पाहून कौतुक वाटेल. परंतु ह्या योगाचें कारण अगदीं साधें, म्हणजे गाडीची लांबी, हें होतें.

लहान गांवांत माणसास आडवें निजवून नेण्याइतकी लांब गाडी बहुधा अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकापाशींच असे. म्हणून अपघात झाला कीं लोक त्यालाच बोलावीत. 1966 सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें अपघाती मृत्यूंविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत देशांतील सुमारें निम्मी रुग्णवाहतूक 12,000 अंत्यविधी-व्यावसायिकांच्या हातीं असल्याचें नमूद आहे. रोगी वांचला तरी भाडें ह्याचें आणि न वांचला तरी काम ह्याचेंच, असा संशय कोणाच्या मनांत आला तर त्यास दोष देतां येणार नाहीं. पण मध्यरात्रीं दार ठोठावल्यावर गाडी घेऊन निघणारा दुसरा कोणी गांवांत नव्हता, हेंही तितकेंच खरें.

मोटारीची रचना मोठी कौतुकास्पद होती. कॅडिलॅकसारखी कंपनी लांब चासी, इंजिन व पुढचा भाग देई. 1959 च्या अशा चासीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर 156 इंच, म्हणजे तेरा फूट होतें. तिच्यावर ओहायोंतील मिलर-मिटिओर किंवा सुपीरियर ह्यांसारखे कारखाने बॉडी चढवीत. तळांत शवपेटी सरकविण्याचे रोलर बसविलेले असत. ते उलटे फिरविले कीं जमीन सपाट होई आणि तीवर चाकांचें स्ट्रेचर उभें राही. रोग्याजवळ बसणाऱ्यासाठीं घडीची बैठक असे. छपरावरचा लाल दिवा काढतां-घालतां येई. दफनाच्या वेळीं मागच्या खिडक्यांत झांकणें बसवीत. त्यांवर इंग्रजी ‘एस’ ह्या अक्षरासारखी वळविलेली चकचकीत कांब असे. ती कांब मूळची घोडागाडीची घडीची टपें उचलून धरणारी. मोटारीवर ती केवळ शोभेस उरली.

पुढें सरकारनें 1966 च्या महामार्ग-सुरक्षा कायद्यानें आणि 1974 मधील रुग्णवाहिकांच्या नियमावलीनें अधिक उंच, अधिक सुसज्ज गाड्यांचा मार्ग मोकळा केला. 1977 सालीं कॅडिलॅकनें आपल्या मोटारी आंखूड केल्या, आणि त्या दशकाबरोबर मोटारीच्या घाटाची रुग्णवाहिकाही संपली. जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांनीं 1976 सालींच ‘प्रोफेशनल कार सोसायटी’ स्थापिली होती.

अशी एखादी गंजलेली जोडमोटार हातीं घेणाऱ्यास पुढच्या भागाची फारशी चिंता नसते. तेथील पुष्कळ भाग साध्या कॅडिलॅकचेच. ते शोधल्यास मिळतात. अडचण चालकाच्या पाठीमागें सुरू होते. मागची बॉडी थोड्या संख्येनें आणि बरीचशी हातानें घडविलेली. एका कारखान्याचें दार दुसऱ्याच्या मोटारीस बसेल असा भरंवसा नाहीं. दारांभोंवतालचें रबर कुजलें कीं पाणी आंत शिरून तळाखालीं सांचतें आणि गंज तेथून वर चढतो. म्हणून जाणता कारागीर रंगास हात लावण्यापूर्वीं तळ उचकटून पाहतो. खालचा पत्रा कापण्याआधीं दारांच्या चौकटींची मापें टिपून आंतून पक्के टेकू द्यावे लागतात. नाहीं तर तें लांबलचक छप्पर किंचित् खचतें, आणि मागचें दार पुन्हां नीट मिटत नाहीं.

ह्याहूनही अवघड निवड पुढेंच असते. मोटारीचें कोणतें आयुष्य परत आणावयाचें? कोणी खिडक्यांचीं झांकणें टाकून तिला निव्वळ रुग्णवाहिका करतात. कोणी सायरन काढून निव्वळ शववाहिका करतात. 1984 च्या ‘गोस्टबस्टर्स’ ह्या चित्रपटांत 1959 ची मिलर-मिटिओर झळकली, तेव्हांपासून तर कित्येक जुन्या गाड्या त्या भुताटकीच्या थट्टेची नक्कल म्हणून रंगविल्या गेल्या! आमच्या मतें दोन्ही खुणा राखणें हेंच प्रामाणिक काम होय. मग तिचा दोषही दिसूं द्यावा. छप्पर इतकें बुटकें कीं शुश्रूषा करणाऱ्यास उभें राहतां येत नसे. वाटेंत रोग्यास प्राणवायु देणें आणि धीर देणें ह्यापलीकडे पुष्कळदां कांहीं होत नसे. तें छप्पर कोणी सोयीसाठीं उंच करूं नये.

आणि रोलर गंजून जागींच घट्ट बसले असतील, तर त्यांवर हातोडा चालवूं नये. तेल मुरूं द्यावें, कांहीं दिवस थांबावें, आणि मग ते दोन्ही बाजूंनीं फिरतात कीं नाहीं हें पाहावें.